गाडी गचके खातेय आणि वॉरंटी अजून शिल्लक आहे? मग हे वाचा

पहिला गचका मला नाही, आईला जाणवला. पुण्यातल्या नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबता थांबता मागच्या सीटवरून आवाज आला, "अरे, मागून कुणी धडकलं का?" कुणीच धडकलं नव्हतं. ऑटोमॅटिक गिअरची लक्झरी गाडी घेऊन सात महिने झाले होते आणि जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली होती. मग मीही लक्ष ठेवायला लागलो. सकाळची गार गाडी, वेग ताशी वीसच्या आसपास उतरतो, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, आणि पाठीत कुणीतरी ढोपर मारल्यासारखा धक्का बसतो. शेजारच्या काकांची दहा वर्षं जुनी गाडी लोण्यासारखी चालते आणि आपण निम्म्या फ्लॅटच्या किमतीची गाडी घेऊन गचके खातोय, ही भावना फार सुखाची नसते.

तिथपासून सदोष भाग बदलून मिळेपर्यंत पाच महिने गेले आणि वर्कशॉपच्या चार फेऱ्या झाल्या. त्यांतल्या पहिल्या दोन फेऱ्या माझ्याच चुकीने वाया गेल्या. गाडी कुठली आणि शोरूम कुठलं ते सांगत नाही. नंतर इतर मालकांशी बोललो तेव्हा कळलं, की लोगो वेगळा असला तरी कहाणी तीच असते. त्या पाच महिन्यांत मला एक गोष्ट उमगली: वॉरंटी गचक्याला मिळत नाही, गचक्याच्या लेखी नोंदीला मिळते. ती नोंद कशी करून घ्यायची ते पुढे लिहितोय.

१. गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते आधी पाहा

शोरूममध्ये सगळ्यालाच 'ऑटोमॅटिक' म्हणतात, पण आत वेगवेगळी यंत्रं असतात आणि त्यांचे स्वभावही वेगळे असतात.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा तेलाचा असतो, म्हणून ही जात मुळात मऊ चालते. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ८ गिअरचा बॉक्स बीएमडब्ल्यूच्या ३ आणि ५ सिरीजसारख्या गाड्यांत आणि जग्वार-लँड रोव्हरच्या बऱ्याच गाड्यांत आहे. मर्सिडीज सी आणि ई क्लासमध्ये स्वतःचा ९ गिअरचा बॉक्स वापरते, तर व्होल्वो जपानच्या आयसिनचा ८ गिअरचा. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम. मर्सिडीजची ए क्लास आणि जीएलए, ऑडीच्या लहान गाड्या आणि नवी बीएमडब्ल्यू एक्स१ या जातीच्या आहेत. हा बॉक्स वेगात झकास चालतो, पण चांदणी चौकातल्या मुंगीच्या गतीच्या ट्रॅफिकमध्ये थोडा अडखळतो. तेवढं अडखळणं हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. लेक्ससच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांत ई-सीव्हीटी असतो. तिथे पायऱ्यांचे गिअरच नसल्यामुळे 'गिअर बदलताना धक्का' अशी तक्रार लिहिली, तर समोरचा पहिल्याच ओळीला हसेल.

आत काय घडतं तेही थोडक्यात समजून घ्या, कारण पुढे शब्द नेमके लागणार आहेत. पायऱ्यांच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडत असतो. आधुनिक बॉक्समध्ये हे काम तेलाच्या दाबाने चालतं. दाब केव्हा आणि किती द्यायचा, हे व्हॉल्व्ह आणि संगणक मिळून ठरवतात. या जोडगोळीला बऱ्याच कंपन्या मेकॅट्रॉनिक्स म्हणतात. दुसरा क्लच लवकर किंवा जोरात पकडला तर गचका बसतो. उशिरा पकडला तर इंजिन क्षणभर मोकळं फिरतं आणि आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा) काटा उडी मारतो. ही दोन वेगळी लक्षणं आहेत. तक्रारीतही वेगळी लिहा.

२. गचका खरंच गिअरचा आहे ना?

वर्कशॉपमध्ये गाडी नेण्याआधी ही खात्री घरीच करा, म्हणजे तिथे तोंडावर पडायची वेळ येत नाही. गिअरबॉक्सवर नाहक आळ आणणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत:

– चढ-उतारावर आधी पी (पार्किंगचा गिअर) टाकला आणि मग ब्रेक सोडला, तर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर येतं. पुढच्या वेळी पी मधून काढताना 'ठक्' असा दणका बसतो. आधी पार्किंग ब्रेक, मग पी अशी सवय लावा. हा दणका बिघाडाचा नाही.
– ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) सुटताना आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन परत सुरू होताना बसणारा हलका धक्का. ही दोन्ही बटणं बंद करून दोन दिवस चालवा आणि फरक पडतो का ते पाहा.
– सकाळी पहिले एक-दोन मिनिटं इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर राहतं, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचा असतो. तेवढ्यापुरते गिअरही उशिरा पडतात.
– स्पोर्ट मोड. त्यात गिअर कडक पडावेत अशीच रचना असते. तक्रार कायम कम्फर्ट किंवा साध्या मोडमधली नोंदवा.
– इंजिनचं मिसफायरिंग, म्हणजे आत इंधन नीट न पेटणं. मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून त्याच वेगाला चालवून पाहा. गिअर बदलत नसतानाही हिसके बसत असतील, तर दुखणं इंजिनात, त्याच्या माउंटिंगमध्ये किंवा इंधनात असू शकतं.
– चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले टायर. चाकांचा घेर वेगळा झाला, की पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटून देणारी ट्रान्सफर केस कुरकुरते आणि बोल गिअरबॉक्सला लागतो.
– मरायला टेकलेली १२ व्होल्टची बॅटरी. हिच्यामुळे संगणक काहीही चाळे करतात.

हे सगळं वजा करून गचका उरला, तर पुढे चला.

आणि गचक्याच्या पलीकडे काही होत असेल, म्हणजे चालत्या गाडीची ओढच जात असेल, ती आपोआप न्यूट्रलला जात असेल किंवा डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा लाल इशारा येत असेल, तर वही-बिही काही लिहीत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि रोडसाइड असिस्टन्सला बोलवा. गाडी सपाट ट्रकवरच चढवून न्यायची. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतल्या भागांना तेल मिळत नाही आणि मग 'तुम्हीच खराब केली' हे ऐकायला तयार राहावं लागतं.

३. एक वही घाला

घरच्यांनी माझी खूप चेष्टा केली, पण सगळ्यात जास्त उपयोग वहीचाच झाला. दोन आठवडे प्रत्येक गचका लिहा. माझी एक नोंद अशी होती:

'१४ जून, सकाळी ८.१०. गाडी रात्रभर उभी. बाहेर २४ अंश. कम्फर्ट मोड, एसी चालू, सपाट रस्ता. पहिल्या ४ किलोमीटरमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवून २० वरून ८ च्या वेगावर येताना, ३ वरून २ वर उतरताना गचका. ६ वेळा थांबलो, ५ वेळा बसला. १० किलोमीटरनंतर बंद. ओडोमीटर ९,४१२.'

यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. गार गाडीतच गचका बसतो हे कळलं, की तेलाचा दाब आणि व्हॉल्व्ह यांच्याकडे बोट जातं. सहापैकी पाच वेळा बसतो म्हटल्यावर 'कधीकधी होतं' ही पळवाट बंद होते. कितवा गिअर ते कळावं म्हणून मॅन्युअल मोडमध्येही चालवून पाहा, कारण साध्या डी मध्ये बऱ्याच गाड्या आकडा दाखवत नाहीत.

व्हिडिओ काढा, पण फोन शेजारच्याच्या हातात द्या. चालकाने फोन धरलेला व्हिडिओ कंपनीला पाठवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं. चौकटीत आरपीएम आणि वेग दोन्ही दिसले पाहिजेत. गचका कॅमेऱ्यात दिसत नाही ही खरी अडचण असते. माझ्या भाच्याने त्यावर तोडगा काढला: पारदर्शक बाटली अर्धी भरून कपहोल्डरमध्ये ठेवली. गिअर पडला की पाणी उसळतं. पुढे कंपनीच्या माणसाने तोच व्हिडिओ तीनदा पाहिला.

४. कागद गोळा करा

आरसी, गाडीचं बिल, वॉरंटीची पुस्तिका, आतापर्यंतच्या सर्व्हिसचा छापील इतिहास, विमा पॉलिसी, जुनी सगळी जॉबकार्डं (गाडी आत घेताना वर्कशॉप ज्यावर तक्रार लिहितं ते कागद) आणि बिलं, वही आणि व्हिडिओ. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर तुम्हाला अधिकार दिल्याचं पत्र. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटींचा वेगळा कागद मागून घ्या. मूळ वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी यांच्या अटी सारख्या असतील असं गृहीत धरू नका. क्लचच्या प्लेटांना झिजणारा भाग म्हणून वगळलं आहे का, हे ड्युअल क्लचवाल्यांनी भिंग लावून वाचावं.

मूळ वॉरंटी कधी संपते ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. मी खरंच चिकटवली होती.

५. जॉबकार्डावर काय लिहिलं जातं ते स्वतः वाचा

सगळा खेळ इथे आहे. माझी पहिली फेरी आठवली की अजून चिडचिड होते. मी सर्व्हिस ॲडव्हायझरला दहा मिनिटं हातवारे करून गचका समजावून सांगितला. त्याने मान हलवली, कॉफी पाजली आणि टॅबवर काहीतरी टाइप केलं. मी बोटाने सही केली. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून चकचकीत परत मिळाली. घरी येऊन कागद पाहिला तर त्यावर लिहिलं होतं 'जनरल चेकअप'. म्हणजे कागदोपत्री माझ्या गाडीला त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं.

'गिअर जर्क, चेक अँड डू नीडफुल' ही ओळही तितकीच निरुपयोगी. लक्षण, वेग, गिअर, गाडी गार की गरम, किती वेळा आणि कधीपासून, एवढं त्यात आलं पाहिजे. उदाहरणार्थ: 'रात्रभर उभ्या गाडीत, पहिल्या ४-५ किलोमीटरमध्ये, वेग २० च्या खाली येताना ३ वरून २ वर गचका. दर ६ मागे ५ वेळा. ९,००० किलोमीटरपासून.' हे घरून छापून न्या आणि म्हणा, "साहेब, जसंच्या तसं घाला." जागा पुरत नाही असं सांगितलं, तर तोच कागद जॉबकार्डाला जोडायला सांगा आणि त्याची पोच घ्या. मी तर समोर बसूनच ॲडव्हायझरच्या मेलवर तो मजकूर पाठवायचो. तारीख-वेळेसकट पुरावा आपोआप तयार होतो.

तुम्हाला माहीत असलेलं निदान मात्र कार्डावर घालू नका. 'मेकॅट्रॉनिक्स बदला' असं लिहून दिलंत, की ते तेवढंच तपासतात, 'ठीक आढळलं' म्हणतात आणि गाडी परत देतात. आपण लक्षण सांगायचं, रोग त्यांनी शोधायचा.

६. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळी सोबत बसा

दुसऱ्या फेरीची चूक अशी. मी दुपारी तीन वाजता ट्रॅफिकमधून चौदा किलोमीटर चालवत गाडी नेली. तोवर तेल छान तापलेलं. टेक्निशियनने चक्कर मारली, गाडी शहाण्या मुलासारखी वागली आणि कार्डावर शेरा आला: 'तक्रार आढळली नाही.'

तुमचा गचका गार गाडीचा असेल, तर संध्याकाळी गाडी सोडा, ओडोमीटरचा फोटो काढा आणि 'सकाळी मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये' हे मेलमध्ये लिहा. सकाळी जाऊन आधी तुम्ही चालवा, टेक्निशियनला शेजारी बसवा. "आता बघा, ब्रेकवर पाय ठेवतोय... हा." असं दोन-तीनदा दाखवलं, की मग त्याच्या हातात द्या. तुमची लकब त्याला कळल्याशिवाय गचका त्याच्या पायाला सापडत नाही. हे मुद्दाम टाळलं जातं असंही नाही. वर्कशॉपमधली माणसं दिवसभर एवढ्या गाड्या चालवतात, की त्यांचा पाय आपोआप गाडीला सांभाळून घेतो.

गरम गाडीचा गचका असेल तर उलटं करा, लांबची चक्कर मागा. फक्त उतारावरची चाचणी हवी म्हणून कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलावर गाडी सोडण्याचे प्रयोग करू नका. त्या उताराचं नाव ऐकूनच पुणेकरांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच नाही, तो उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे.

चक्कर संपल्यावर टेक्निशियनने काय अनुभवलं ते कार्डावर त्याच्याकडूनच लिहून घ्या. 'ग्राहकासोबत चाचणी, तक्रार आढळली' ही ओळ मला तिसऱ्या फेरीत मिळाली. खरी सुरुवात तिथून झाली.

७. 'सगळ्या गाड्यांना असंच असतं, सर'

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाणारच. कधी ते खरंही असतं. भांडू नका, दोन गोष्टी मागा. पहिली: त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची डेमो गाडी, त्याच रस्त्यावर, तशीच रात्रभर उभी असलेली. माझ्या बाबतीत डेमो गाडी पाण्यासारखी चालली आणि वर्क्स मॅनेजरचा चेहरा पडला. दुसरी: डेमो गाडीही गचके खात असेल, तर 'हा या गाडीचा स्वाभाविक गुणधर्म आहे' असं लेटरहेडवर लिहून मागा. तोंडी म्हणणारे दहा भेटतील, लिहून देणारा विरळा. बहुतेक वेळा कागद मागितला की तपासणी पुढे सरकते.

त्यानंतर उपाय साधारण एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी स्कॅन करून फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष, वाचतात. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र समजू नका. व्हॉल्व्ह थोडा अडकत असेल तर संगणकाला ते कळेलच असं नाही. मग सॉफ्टवेअर अपडेट. मग ॲडॅप्टेशन रिसेट. गिअरबॉक्सचा संगणक क्लचची झीज आणि तुमची चालवायची पद्धत पाहून तेलाचा दाब थोडा थोडा जुळवत असतो. रिसेट म्हणजे ही शिकलेली पाटी पुसणं. त्यानंतर ठरावीक पद्धतीने गाडी चालवून त्याला पुन्हा शिकवावं लागतं. त्यामुळे रिसेटनंतर काही दिवस गाडी वेगळी वाटणं साहजिक आहे. कधी बरी वाटते, कधी आणखी वाईट.

सापळा नेमका इथेच आहे. 'हजार किलोमीटर चालवून बघा' असं सांगून तुम्हाला घरी पाठवतात. तुम्ही महिन्याला चारशे किलोमीटर चालवत असाल तर अडीच महिने गेले. अशा दोन रिसेटमध्ये वॉरंटीचे पाच महिने सरतात. म्हणून प्रत्येक वेळी कार्डावर लिहून घ्या: इतके किलोमीटर किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते, आणि त्यानंतरही गचका राहिला तर पुढची पायरी कोणती.

पुढची पायरी तेलाची. पातळी चुकली तरी गचके बसतात, आणि ही पातळी तेल ठरावीक तापमानाला असतानाच मोजावी लागते, डिपस्टिक घालून नाही. 'आयुष्यभराचं तेल आहे, बदलायचं नसतं' असं सांगितलं तर लक्षात ठेवा: झेडएफ स्वतः आपल्या ८ गिअरच्या बॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. नव्या गाडीत हा मुद्दा नाही, पण वाढीव वॉरंटीतल्या जुन्या गाडीत जरूर आहे. त्यानंतर मेकॅट्रॉनिक्स किंवा व्हॉल्व्हचा संच, आणि सगळ्यात शेवटी अख्खा बॉक्स. मोठा भाग बदलायला वर्कशॉपला कंपनीची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मंजुरी देणारा माणूस तुमची गाडी नाही, तुमचे कागद पाहतो. पाचव्या मुद्द्यावर मी एवढा का रेंगाळलो ते आता कळलं असेल.

८. गाडी परत घेतानाची घाई

डिलिव्हरीच्या वेळी फोनवर ओटीपी येतो आणि ॲडव्हायझर गोड आवाजात तो मागतो. काही ठिकाणी तो ओटीपी म्हणजे 'काम समाधानकारक झालं' यावरची तुमची सही असते. मेसेज पूर्ण वाचा आणि चक्कर मारल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

वॉरंटीचं काम फुकट असतं म्हणून बिल मिळत नाही, हा दुसरा घोटाळा. शून्य रुपयांचं का होईना, बिल मागाच. त्यावर काय तपासलं, कोणतं सॉफ्टवेअर घातलं, कोणता भाग बदलला, गाडी कोणत्या तारखेला आत गेली आणि कधी बाहेर आली, हे सगळं हवं. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती याचा हिशोब पुढे लागू शकतो. दुरुस्ती लांबणार असेल तर पर्यायी गाडी मागा. नियमात नसली तरी मागणाऱ्याला कधी कधी मिळते.

दोन दिवसांनी कंपनीचा अभिप्रायाचा फोन येतो. त्याआधी ॲडव्हायझरचा येतो: "सर, प्लीज दहापैकी दहा द्या, आमच्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे." मला त्या पोराची दया आली आणि मी पहिल्या फेरीनंतर दहा दिले. पुढे कंपनीने मला तेच उत्तर म्हणून पाठवलं: 'मागील सेवेबद्दल आपण पूर्ण समाधान व्यक्त केलं आहे.' जे वाटलं तेच सांगा.

९. वर जायचं तर पायरीने

दोन फेऱ्यांत काम झालं नाही, तर ॲडव्हायझरशी वाद घालत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं. वर्क्स मॅनेजर, मग डीलरचा सर्व्हिस हेड, मग थेट कंपनीचा कस्टमर केअर. तिथे केस नंबर घ्या आणि पुढचा प्रत्येक मेल त्याच साखळीत टाका. फोनवर बोलणं झालं तर लगेच 'आताच्या बोलण्याप्रमाणे...' असा दोन ओळींचा मेल करा. मेल छोटा ठेवा:

'चासिस नंबर अमुक. डिलिव्हरी अमुक तारखेला. पुढील तक्रार अमुक किलोमीटरपासून आहे. तीन वेळा गाडी दाखवली, जॉबकार्ड क्रमांक असे. अमुक तारखेच्या संयुक्त चाचणीत तक्रार आढळल्याची नोंद आहे. कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने माझ्या उपस्थितीत गाडी तपासावी आणि दुरुस्तीचा कार्यक्रम १० दिवसांत लेखी कळवावा. तक्रार वॉरंटीच्या काळात नोंदवलेली असल्याने, दुरुस्ती लांबली तरी ती वॉरंटीतच धरली जावी.'

शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या पैशांची, गाडीच्या किमतीची किंवा ओळखीच्या आमदाराची यात काही गरज नाही. माझा मेव्हणा म्हणाला होता, "शोरूमबाहेर गाडीला गाढव जुंपून फोटो टाक." करमणूक झाली असती, गिअर सुधारला नसता.

त्याच मॉडेलचे आणखी मालक शोधा मात्र. एकट्याची तक्रार 'ग्राहकाची संवेदनशीलता' ठरते, वीस जणांची झाली की ती मॉडेलची तक्रार होते. चीनमध्ये फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गाड्यांबद्दल मालक बरेच दिवस ओरडत होते. १५ मार्च २०१३ ला सरकारी वाहिनीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात ते दाखवलं आणि काही दिवसांतच कंपनीने ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेत सदोष गाडी परत करण्याचे 'लेमन लॉ' आहेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपली मदार ग्राहक संरक्षण कायद्यावर.

१०. ग्राहक आयोग

मला तिथवर जावं लागलं नाही, पण तयारी पूर्ण केली होती, म्हणून जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. ती आदेश देत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोहोचवते आणि उत्तर मागते. फुकट आहे, करून टाका. त्यानंतर वकिलाची नोटीस, डीलर आणि कंपनी दोघांनाही. दोष बनावटीतला की दुरुस्तीतला, हा त्यांचा आपसातला वाद होऊ द्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आपल्या विषयातल्या गाड्यांच्या किमती नेमक्या या रेषेभोवती घुटमळतात, तेव्हा बिल नीट पाहा. फी नाममात्र आहे: २० ते ५० लाखांना १,००० रुपये, ५० लाख ते १ कोटीला २,०००. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही, पण एवढ्या रकमेच्या भांडणात मी तरी केला असता.

गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून 'तुम्ही ग्राहकच नाही' असं सांगितलं जाऊ शकतं. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी एवढ्यावरून व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटलं आहे. दुसरीकडे, 'मला नवी गाडीच पाहिजे' हा हट्ट धरताना जपून. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याची गरज नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे, आणि कंपन्यांचे वकील तो खिशात घेऊन फिरतात. बनावटीतला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. गाडी प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची सोय कायद्यात आहे, ती मागा.

११. आपल्याच हाताने वॉरंटी घालवू नका

इंजिनाचं ट्यूनिंग करून ताकद वाढवली असेल तर विसरा. परत मूळ सॉफ्टवेअर घातलं तरी खुणा राहतात. सर्व्हिस चुकवू नका. बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका, तो मेकॅनिक कितीही हुशार असला तरी. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली किंवा दगड लागून गिअरबॉक्सचा तळ फुटला, तर ते प्रकरण विम्याचं, वॉरंटीचं नाही. वाढीव वॉरंटी मूळची संपण्याआधी घ्या.

१२. भाग बदलल्यानंतर

माझ्या गाडीचं मेकॅट्रॉनिक्स चौथ्या फेरीत बदललं. भाग यायला अठरा दिवस लागले. गाडी हातात आल्यावर पहिले दोन आठवडे वही चालूच ठेवा, नवं ॲडॅप्टेशन बसायला वेळ लागतो. बदललेल्या भागाचा क्रमांक बिलावर आहे ना ते पाहा. त्या भागाला स्वतंत्र वॉरंटी आहे की मूळ गाडीबरोबरच संपते, हे लेखी विचारा. मला दोन मेल आणि एक फोन करावा लागला तेव्हा उत्तर आलं. सगळ्या कागदांची एक फाइल करा आणि ती गाडीत नाही, घरात ठेवा. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाराही हीच फाइल मागेल.

आई अजूनही मागच्याच सीटवर बसते. परवा नळस्टॉपला गाडी थांबली आणि तिने विचारलं, "पोचलो का?" तिला झोप लागली होती.